गुरू, शनी आणि एक मालगाडी

१९ डिसेंबर २०२०, शनिवार

ही सहल मुळात दोघांची ठरली होती. दिवाळीच्या सुट्टीत मी यांना सांगितले होते की, २१ डिसेंबरच्या संध्याकाळी गुरू आणि शनी आकाशात इतके जवळ दिसतील की चंद्राच्या व्यासाचे पाच भाग केले तर त्यातला जेमतेम एक भाग त्यांच्यामध्ये मावेल. आणि हे दृश्य नंदुरबारच्या दिव्यांतून न पाहता तोरणमाळला यशवंत तलावाच्या काठी बसून पाहायचे. हे मालगाडीचे लोको पायलट आहेत. यांनी रजेचा अर्ज दिला, रजा मंजूरही झाली, मी शाळेत दोन दिवसांची किरकोळ रजा टाकली. मग १५ तारखेला यांच्याबरोबर काम करणाऱ्या एकाच्या घरी करोना शिरला, तो आणि त्याच्या संपर्कातले आणखी दोघे विलगीकरणात गेले, आणि यांनी कोणी सांगण्याआधीच आपली रजा मागे घेतली. मला हे जेवताना, ताटात दुसरी भाकरी वाढत असताना सांगितले. "तू जा. भाऊ येईल तुझ्याबरोबर. नाहीतरी त्यातले मला काय कळते?" असे यांचे म्हणणे. मी काही बोलले नाही, परंतु भाकरी वाढली तीही जरा आपटूनच.

म्हणून प्रवासाची सुरुवात नंदुरबारहून होण्याऐवजी माझ्या माहेराहून, चाळीसगावहून झाली. धाकटा भाऊ शेती करतो. त्याची गाडी, त्याचा वेळ आणि आकाशाविषयीची त्याची संपूर्ण उदासीनता या तीन गोष्टी पुढचे चार दिवस माझ्या सोबतीला होत्या.

दुपारी आम्ही पाटणादेवीला गेलो. चाळीसगावपासून अठरा-एक किलोमीटरवर, सातमाळ्याच्या डोंगरांच्या कुशीत चंडिकादेवीचे हे जुने मंदिर आहे, आणि भोवतीचे जंगल गौताळा अभयारण्यात मोडते. देवळे उघडून महिनाच झाला होता. फुलवाल्या बाईंच्या टोपलीत झेंडूबरोबर मास्कही विकायला होते. ओटी भरून झाल्यावर भाऊ पायऱ्यांवर विसावला आणि मी मागच्या डोंगराकडे पाहत बसले, कारण माझे इथे येण्याचे खरे कारण देवीइतकेच भास्कराचार्यही होते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इ. स. १११४ चा, आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिला. त्यांचे गाव नेमके कोणते यावर विद्वानांचे एकमत नाही. तथापि त्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता, त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथे पाटणला मठ स्थापला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिले, ही गोष्ट शके ११२८ च्या शिलालेखात कोरलेली आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख उजेडात आणला. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात मठाला कोणी काय द्यावे याची तजवीज सांगितली आहे. आकाशाचा अभ्यास चालू राहावा म्हणून खाली बाजारात धान्याची आणि तेलाची मापे ठरवावी लागतात, हे त्या लेखामुळे मला फार आपलेसे वाटते.

मी तिथे बसून एक हिशेब केला. गुरू आणि शनी यांची गाठ साधारण वीस वर्षांनी पडते, कारण गुरूला सूर्याभोवती फिरायला जवळजवळ बारा वर्षे लागतात आणि शनीला साडेएकोणतीस. म्हणजे वेगाने जाणारा गुरू मंद शनीला दर वीस वर्षांनी गाठतो. परंतु प्रत्येक गाठ सारखी जवळची नसते. इतकी जवळची युती याआधी १६२३ मध्ये झाली होती, पण तेव्हा दोन्ही ग्रह सूर्याच्या इतके निकट होते की संधिप्रकाशात ते दिसणे कठीण होते. सहज दिसू शकेल अशी इतकी जवळची युती त्याही आधीची, ४ मार्च १२२६ च्या पहाटेची. म्हणजे या मठाच्या लेखानंतर वीसच वर्षांनी. मठ तेव्हा नांदता असेल, तर कोणी विद्यार्थी कुडकुडत बाहेर येऊन पूर्वेकडे पाहत उभा राहिला असेल, आणि गुरुजींनी आदल्या दिवशी पाटीवर काढलेले गणित खरे ठरते की नाही याची त्याला धाकधूक असेल. हे मी भावाला सांगितले. त्याने विचारले, "मग आठशे वर्षांनी तरी गणित बरोबर आले का?" मी म्हटले, परवा कळेल.

परतताना रेल्वे स्थानकाजवळच्या केकी मूस यांच्या घरावरून गेलो. या छायाचित्रकाराने आयुष्याची कित्येक वर्षे त्या घराबाहेर पाऊल टाकले नाही, आणि मुंबईहून पंजाब मेलने येण्याचे वचन दिलेल्या प्रेयसीसाठी ते रोज रात्री गाडीच्या वेळेला ताट मांडून वाट पाहत, अशी गोष्ट चाळीसगावात लहानपणापासून ऐकत आले आहे. लग्नाआधी ही गोष्ट ऐकून माझे डोळे भरून येत. रेल्वेवाल्याशी संसार केल्यानंतर मात्र मनात पहिला विचार येतो तो असा की, त्यांना निदान गाडीची वेळ तरी ठाऊक होती.

संध्याकाळी माहेरच्या गच्चीवरून ग्रह पाहिले. सूर्य मावळून वीस मिनिटे झाली आणि नैर्ऋत्येला आधी गुरू उमटला, मग त्याच्या वरच्या अंगाला फिकट शनी. दोघांमध्ये अजून अर्ध्या चंद्राएवढे अंतर होते आणि नुसत्या डोळ्यांना दोन वेगळे तारे स्वच्छ दिसत होते. यांना फोन लावला. तो बंद होता, म्हणजे हे गाडीवर होते. इंजिनात असताना मोबाइल बंद ठेवायचा हा नियम आहे आणि हे तो काटेकोर पाळतात, त्यामुळे आमच्या घरात 'फोन बंद' याचा अर्थ 'सर्व ठीक' असा होतो.

२० डिसेंबर, रविवार

आज चंपाषष्ठी. आईने पहाटेच वांगी भाजायला घेतली होती. चातुर्मासात वर्ज्य असलेले वांगे आज खंडोबाला भरीत-रोडग्याच्या नैवेद्याने पुन्हा ताटात येते, आणि खानदेशात तर भरीत हा नुसता पदार्थ नसून एक प्रकारचे नातेच आहे. नैवेद्य, तळी, जेवणे असे सारे होऊन निघायला एक वाजला. आईने एका डब्यात भरीत आणि कळण्याच्या भाकरी बांधून दिल्या आणि दुसऱ्या लहान डब्याकडे पाहत म्हणाली, "जावयांचा वेगळा केला होता गं." तो डबाही मी घेतला.

चाळीसगाव ते तोरणमाळ हे अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. धुळे गेले, सोनगीरचा किल्ला मागे पडला, चिमठाण्याहून दोंडाईचा आले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी वेचून झाली होती. काही शेतांत पऱ्हाट्या उपटून ढीग लावलेले, तर काही शेतांत फरदडीच्या आशेने तशाच उभ्या ठेवलेल्या. भाऊ प्रत्येक उभ्या शेताकडे पाहून बोंडअळीच्या नावाने बोटे मोडत होता. सारंगखेड्याला तापी ओलांडली. एरवी या दिवसांत दत्तजयंतीच्या घोडेबाजाराची लगबग सुरू झालेली असते आणि दूरदूरच्या मुलखांतून आणलेले घोडे नदीकाठी बांधलेले दिसतात. या वर्षी करोनामुळे मैदान मोकळे होते आणि पाणी मात्र बॅरेजमुळे काठोकाठ भरलेले. शहाद्याच्या पुढे पपईच्या बागा, ऊस, उसाच्या बैलगाड्या आणि त्या गाड्यांमागे लागलेल्या आमच्यासारख्यांच्या रांगा.

माझा हिशेब असा होता की सूर्यास्तापर्यंत तलावावर पोहोचावे. तो चुकला. राणीपूरच्या अलीकडे, सातपुड्याचा पायथा समोर दिसत असताना, मागचे चाक बसले. अंधार पडू लागला होता. भावाने डिकीतून जॅक काढला आणि मला बॅटरी धरायला सांगितले. मी बॅटरी धरली खरी, परंतु पाठ फिरवताच दिसले की दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे तापीच्या खोऱ्याचे सपाट मैदान कसलाही आडोसा नसलेले पसरले आहे, आणि त्याच्यावर, ठेंगण्या हरभऱ्याच्या शेतापलीकडे, दोघेही लखलखत आहेत. कालच्यापेक्षा अंतर एकतृतीयांशाने तरी कमी झालेले. इतके उघडे क्षितिज उद्या डोंगरावर मिळेल की नाही, अशी शंका मला तिथेच आली. बॅटरीचा झोत चाकावरून केव्हा सरकला ते मला समजले नाही.

"ताई, तुना गुरू-शनी राहू दे, बॅटरी नीट धर," भाऊ अहिराणीत म्हणाला. तो चिडला की अहिराणीत बोलतो.

सातपायरी घाटातली वळणे अंधारात चढलो. विश्रामगृहावर पोहोचलो तेव्हा साडेआठ झाले होते, ग्रह केव्हाच मावळले होते आणि मोबाइलला रेंज नव्हती. भरीत थंडगार झाले होते आणि तरीही उत्तम लागले. दुसरा डबा न उघडता ठेवून दिला. रात्री थंडी अशी होती की दोन घोंगड्यांखालीही पाय गरम होईनात. हे घरी असते तर "काय वेड लागलंय तुला" असे म्हणून माझे पाय आपल्या पायांत घेऊन झोपले असते. अशा गोष्टी प्रवासवर्णनात लिहू नयेत असा संकेत आहे, पण तोरणमाळच्या थंडीचे याहून अचूक मोजमाप माझ्याजवळ नाही.

२१ डिसेंबर, सोमवार

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे आणि पठाराच्या मध्यभागी यशवंत तलाव आहे. सकाळी सातला गेलो तेव्हा पाण्यावरून वाफ निघत होती, आणि तलावाचा पलीकडचा काठ नसल्यासारखाच होता. उन्हे वर आली तशी वाफ विरली आणि मला माझ्या कामाचा प्रश्न स्पष्ट दिसला : तलावाच्या भोवती टेकड्या आहेत आणि ग्रह तर अंधार पडताना क्षितिजापासून फार तर वीस अंशांवर असणार. सकाळचा सगळा वेळ मी होकायंत्र आणि हाताची मूठ घेऊन काठाकाठाने फिरण्यात घालवला. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश झाकते, हे मी आठवीच्या मुलांना शिकवते. शेवटी पूर्वेच्या अंगाला एक खडक सापडला, जिथून नैर्ऋत्येची टेकडी मुठीहून जरा ठेंगणी भरत होती आणि मध्ये सगळे पाणीच पाणी होते.

गोरखनाथाच्या मंदिरात दर्शन घेतले. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते, आज मात्र पुजारी आणि दोन माकडे एवढेच होते. सीताखाईची दरी पाहिली. भावाने कड्यावर उभे राहून स्वतःच्या नावाने हाका मारल्या आणि दरीने त्या परत केल्या, एवढ्यावर तो तोरणमाळवर संतुष्ट झाला. त्याच कड्याजवळ मोबाइलला दोन रेघा रेंज आली आणि यांचा सकाळी पाठवलेला संदेश धडकला : "१५:३० साइन ऑन. उधन्याकडे. अंधार पडेल तेव्हा तोंड पश्चिमेलाच असेल. बघतो."

म्हणजे साडेतीनला ड्युटी सुरू, आणि गाडी सुरतजवळच्या उधन्याकडे जाणारी. मी तो संदेश बऱ्याच वेळा वाचला. सतरा वर्षांत यांच्याकडून मला प्रेमपत्र म्हणावे असे काही आलेले नाही. जे येते ते असेच : वेळ, बाजू, आणि एखादे क्रियापद.

दुपारी साडेतीनला, यांच्या साइन ऑनच्या सुमारालाच, सूर्य आपल्या दक्षिणेकडच्या टोकाला पोहोचला आणि उत्तरायण सुरू झाले. वर्षातला सर्वांत लहान दिवस आणि ही युती एकाच तारखेला यावी हा निव्वळ योगायोग. ग्रहांना आपल्या दिनमानाशी काही देणेघेणे नाही. परंतु त्यामुळे संध्याकाळ लवकर आली, याबद्दल मी कृतज्ञ होते. पाच वाजताच खडकावर जाऊन बसले. बरोबर १०×५० ची द्विनेत्री दुर्बीण आणि तिचा स्टँड. ही दुर्बीण यांनी मला आठ वर्षांपूर्वी घेऊन दिली, रनिंग अलाउन्सच्या, म्हणजे यांच्या भाषेत 'मायलेज'च्या पैशांतून. सुरतेच्या बाजारातून गमछ्यात गुंडाळून इंजिनातून घरी आणली होती, आणि "याने सिग्नल नाही दिसत, मी पाहिलं" एवढा अहवाल दिला होता.

सूर्य नेमक्या पश्चिमेला मावळतो असे आपण सहज म्हणतो, पण आजच्या दिवशी तो पश्चिमेपासून तब्बल पंचवीस अंश दक्षिणेला सरकलेला असतो. टेकडीच्या उतरत्या धारेवर तो टेकला, क्षणभर झाडांच्या काटक्या काळ्या झाल्या आणि मग धार पेटल्यासारखी दिसली. पाण्यात आधी पिवळा, मग डाळिंबी आणि शेवटी राखेसारखा रंग उतरत गेला. टिटवी ओरडत तलावावरून गेली. पलीकडच्या पाड्यावर चुलींचा धूर सरळ वर न जाता एका उंचीवर आडवा पसरला आणि तसाच थांबला. खांद्यावर शाल होती तरी पाठीत थंडी शिरू लागली. सूर्यास्त दोघांनी पाहिला तर त्यावर काही बोलता येते, निदान "चला, निघू या" असे तरी म्हणता येते. एकट्याने पाहिला की तो संपल्यावर काय करावे ते सुचत नाही. मी दुर्बिणीची काच पुसली. ती स्वच्छ होती.

सव्वासहाच्या सुमारास गुरू दिसला. डोक्यावर, जरा दक्षिणेला, सप्तमीचा अर्धा चंद्र होता आणि त्याच्या पूर्वेला तांबूस मंगळ; पण नजर तिकडे गेली तरी लगेच परत येत होती. नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर तो एकच तारा होता, ठळक, पण किंचित लांबट, जणू डोळ्यांत पाणी आले आहे. चश्मा काढून पुसून पुन्हा पाहिले, तरी एकच. मग दुर्बीण लावली आणि ते सुटले : खाली पांढरा, भरदार गुरू, उजव्या अंगाला जरा वर पिवळसर शनी, आणि गुरूच्या बाजूला एका रेषेत दोन-तीन बारीक ठिपके, जे गॅलिलिओने १६१० मध्ये पहिल्यांदा पाहिले, ते गुरूचे चंद्र. शनीचे कडे दहापट दुर्बिणीत दिसत नाही, तो नुसता जवसाच्या दाण्यासारखा लांबोळा दिसतो. एवढे सगळे एका नजरेत, एका वर्तुळात. मी मोठ्याने "अहो, पाहा ना" म्हटले. भाऊ विश्रामगृहावर शेकोटीपाशी होता. माझ्या आवाजाने खडकाखालचा बेडूक तेवढा पाण्यात गेला.

या जवळिकीत खरे अंतर किती आहे हे मला पाठ होते. गुरू आज आपल्यापासून सुमारे ८८ कोटी किलोमीटरवर आणि शनी सुमारे १६२ कोटी किलोमीटरवर. दोघांमध्ये सत्तर कोटींहून जास्त किलोमीटरची पोकळी. ते एका ओळीत आले आहेत ते केवळ आपण जिथे उभे आहोत तिथून. गुरूवरून निघालेल्या प्रकाशाला इथे यायला जवळजवळ एकोणपन्नास मिनिटे लागतात, शनीवरून नव्वद. म्हणजे पावणेसातला माझ्या डोळ्यांत शिरलेला शनीचा प्रकाश मी खडकावर येऊन बसल्यानंतर पंधरा मिनिटांनी तिकडून सुटला होता, आणि गुरूचा प्रकाश सूर्य टेकडीवर टेकल्यानंतर. दोन गाड्या वेगवेगळ्या ठिकाणांहून, वेगवेगळ्या वेळी सुटतात आणि एकाच मिनिटाला एका फलाटावर येतात, तसे. मग होकायंत्र पुन्हा पाहिले. नंदुरबारहून उधन्याकडे जाणारा मार्ग इथून नैर्ऋत्येला, शंभर-एक किलोमीटरवर आहे. हे आता जिथे असतील ती जागा या दोन ग्रहांच्या खालीच, थोडी डावीकडे, त्या टेकडीच्या मागे कुठेतरी होती. मी दुर्बीण त्या दिशेला फिरवली नाही. टेकडीच दिसली असती.

पाड्यावरून एक गृहस्थ शेळ्या घेऊन परतत होते, बरोबर आठ-नऊ वर्षांची नात. मी काय पाहते म्हणून थांबले. नातीला दुर्बिणीतून दाखवले. तिने पावरीत आजोबांना काहीतरी सांगितले, आजोबा हसले आणि मला मराठीत म्हणाले, "ती म्हणते, बाई आणि पोर चाललेत." मग त्यांनीही पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि शेळ्या पुढे गेल्या म्हणून लगबगीने निघून गेले. मी वर्गात युती समजावताना इतकी वर्षे फळ्यावर वर्तुळे काढते. पुढच्या वर्षी बाई आणि पोर सांगून पाहीन.

तलावाचे पाणी पावणेसातपर्यंत इतके निवांत झाले की गुरूचे प्रतिबिंब त्यात उतरले, एक थरथरता उभा धागा. शनीचे उतरले नाही, किंवा मला दिसले नाही. साडेसातला जोडी टेकडीच्या धारेशी आली. आधी गुरू विझला. शनी त्याच्यामागे, अगदी काही क्षण, एकटा राहिला आणि तोही गेला. मी स्टँड मिटला. त्या काही क्षणांबद्दल मी इथे अधिक लिहीत नाही.

रात्री शेकोटीपाशी कोणाच्या तरी रेडिओवर बातमी लागली की, उद्यापासून राज्यातल्या महानगरपालिकांच्या हद्दीत रात्री अकरा ते सकाळी सहा संचारबंदी. भावाने धुळे महानगरपालिका आहे, चाळीसगाव नाही, असा खल करून परतीचा बेत नक्की केला. मग त्याने विचारले, "आले का गणित बरोबर?" मी म्हटले, आले.

२२ डिसेंबर, मंगळवार

परतीच्या प्रवासाचे सांगण्यासारखे थोडेच आहे. प्रकाशाला तापी-गोमाईच्या संगमावर दहा मिनिटे थांबलो. नंदुरबारच्या वेशीवर मिरचीच्या पथाऱ्या लागल्या : शेतेच्या शेते लाल, वाळत घातलेल्या मिरचीने मढलेली, आणि काचा बंद असूनही गाडीत दोघांना खोकल्याची उबळ. हा खोकला आला की मी घरी पोहोचले, असे माझ्या मनाने ठरवून टाकलेले आहे. भावाने मला दारात सोडले आणि चहा घेऊन लगेच निघाला.

हे झोपले होते. पहाटे ४:१० ला साइन ऑफ करून आले होते. खिडक्यांना चादरी, पंखा बंद, स्वयंपाकघरात धुतलेले एकच ताट. मी पायांतली जोडवी वाजू नयेत म्हणून टाचांवर चालत सामान लावले. दोनला हे उठले, मला पाहिले आणि पहिला प्रश्न केला तो भरिताचा. डबा दोन दिवसांचा होता, टाकून द्यावा लागला होता. यांना वाईट वाटले. मला वाटते, सबंध सहल हुकल्याचे वाटले नसेल इतके.

जेवताना यांनी खिशातली डायरी काढून माझ्यापुढे ठेवली. त्यात गाडीचा क्रमांक, वाघिणींची संख्या, इंजिनाचा क्रमांक, आणि खाली दोन ओळी होत्या : "चिंचपाडा लूप, १८:३८ ते १९:०२. समोर डावीकडे. एकच तारा. मोठा." मागून येणाऱ्या एका गाडीला पुढे काढण्यासाठी यांची मालगाडी लूप लाइनला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घेतली होती. असिस्टंटला स्टार्टर सिग्नलवर लक्ष ठेवायला सांगून यांनी केबिनमधले दिवे मालवले आणि चोवीस मिनिटे पाहिले.

"एकच होता," हे म्हणाले. "मी सरळ सांगतो. दोन नव्हते."

यांची दृष्टी वैद्यकीय तपासणीत ए-वन ठरलेली आहे आणि घरातल्या प्रत्येक वादात ती पुराव्यादाखल येते. मी म्हटले, मलाही नुसत्या डोळ्यांना एकच दिसला. दुर्बिणीत दोन होते. यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नव्हे.

तेव्हा मी यांना एक गोष्ट सांगितली जी मला प्रवासभर ठाऊक होती आणि जी मी रुसव्यामुळे सांगितली नव्हती. सगळे जग २१ तारीख धरून बसले असले तरी गुरू शनीला ओलांडून एका रात्रीत लांब पळत नाही. आज संध्याकाळीही दोघांमधले अंतर चंद्राच्या व्यासाच्या जेमतेम चौथ्या भागाएवढे असणार. काल जे तोरणमाळला दिसले ते आज आपल्या गच्चीवरून दिसेल, तलाव तेवढा नसेल.

हे काही वेळ माझ्याकडे पाहत राहिले. "मग काल एवढ्या थंडीत…" असे म्हणाले आणि वाक्य पुरे केले नाही. सतरा वर्षांत शहाणपण दोघांनाही आले आहे.

सहाला गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीला दुर्बिणीचा स्टँड टेकवला. शेजारच्या मंगल कार्यालयाचा दिवा डोळ्यांवर येत होता, म्हणून यांनी वाळत घातलेले पांघरूण दोरीवर सरकवून त्याचा आडोसा केला. सव्वासहाला फोन वाजला. लॉबीचा, म्हणजे चालकांना गाड्यांवर नेमणाऱ्या कार्यालयाचा होता. मुख्यालयातली सोळा तासांची विश्रांती सव्वाआठच्या सुमारास संपते, आणि कॉल त्याच्या दोन तास आधी येतो. हे गणितही कधी चुकत नाही. हे "हो, येतो" म्हणाले, फोन खिशात ठेवला आणि दुर्बिणीला डोळे लावले. मी डबा करायला खाली निघाले.

जिन्याच्या चौथ्या पायरीवर असताना वरून हाक आली.

"अगं, दोन आहेत."

मी परत वर गेले. पोळ्या पंधरा मिनिटे उशिरा झाल्या.